रोपाची पालखी

देवाची पालखी आपण सर्वांनी पाहिली आहे. नवरदेवाची वरात पाहिली आहे. पण झाडाच्या रोपाची पालखी कुणी पाहिली आहे काय? बंगालमध्ये शांतिनिकेतन म्हणून एक गाव आहे. तेथे दर पावसाळ्यात रोपाची पालखी निघते. मुली फुलांचे दागिने घालून गात-नाचत पुढे चालतात. मागून सजवलेल्या पालखीत एक इवलेसे रोप बसलेले असते. खड्ड्याभोवती रांगोळी घातलेली असते. तिला बंगाली लोक अल्पना म्हणतात. रोप खड्ड्यात ठेवले की पाच मुले पुढे येतात. एक झालेली असते पृथ्वी, एक पाणी, एक तेज, एक वारा आणि एक आकाश. ही पंचमहाभूते त्या रोपाला आशीर्वाद देतात. मग माती लोटायची, पाणी घालायचे. झाले रोपाचे बारसे.

हे सारे करते कोण? तर एक विद्यापीठ. विद्यापीठ म्हणजे सर्वांत वरची शाळा. गावची शाळा झाली, तालुक्याची झाली, कॉलेज झाले, की त्या सर्वांच्या वर विद्यापीठ. येथल्या विद्यापीठाचे नाव विश्वभारती. थोर कवी रवींद्रनाथ टागोर यांनी ते १९२१ साली स्थापन केले. आपण उभे राहून जे राष्ट्रगीत म्हणतो, ते याच रवींद्रनाथांचे.

कुणी म्हणेल, 'गुरुजी, त्या मोठ्या शाळेचे आम्हांला काय? आमची झाडे आम्ही लावतोच की.' पण थोडे थांबा. ही गोष्ट मातीची आहे, उकिरड्याची आहे, गोवऱ्यांची आहे. त्यातले पुष्कळसे तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

आधी त्या गावची जमीन कशी आहे ते बघू. शांतिनिकेतन बीरभूम जिल्ह्यात आहे. जवळचे जुने रेल्वे स्टेशन बोलपूर. माती तांबडी. आपल्या कोकणात जांभा दगड असतो ना, त्याच जातीची. या मातीवर झाडोरा असला तर ठीक. झाडोरा गेला की तिची दैना होते. कशी ते सांगतो.

पावसाचा थेंब उंचावरून पडतो. झाड असले की तो आधी पानावर आपटतो, मग फांदीवर, मग खालच्या पाचोळ्यावर. त्याचा जोर मोडतो आणि तो हळूच जमिनीत मुरतो. झाड नसले की थेंब सरळ मातीवर आदळतो. माती फुटते, गढूळ होते आणि पाण्याबरोबर चालू लागते. पहिल्या वर्षी बोटभर ओघळ पडतो. दुसऱ्या वर्षी त्याचा हातभर चर होतो. पुढे माणूस उभा मावेल एवढी घळ. बीरभूममध्ये अशा घळींना 'खोआई' म्हणतात. लाल, उघडी, फाटलेली जमीन. पाहायला सुंदर दिसते, चित्रकार तिची चित्रे काढतात. पण शेतकऱ्याने काय करायचे? चित्र खाऊन पोट भरत नाही. बोटभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि ती वाहून जायला दोन-चार वळवाचे पाऊस पुरतात.

अशा माळावर १८६३ साली रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ आले. तेथे दोन सातविणीची झाडे होती. त्यांच्या सावलीत त्यांना फार बरे वाटले. म्हणून त्यांनी वीस बिघे जमीन घेतली आणि ध्यानासाठी घर बांधले. बंगालीत सातविणीला 'छातिम' म्हणतात. आपण सप्तपर्णीही म्हणतो, कारण एकेका डेखाला बहुधा सात पाने येतात. विश्वभारतीत पदवी घेणाऱ्याला याच झाडाची पाने देण्याची प्रथा पडली. कागद तर मिळतोच, पण पानेही मिळतात. यात आणखी एक गंमत आहे. पूर्वी मुलांच्या लिहिण्याच्या पाट्या सातविणीच्या लाकडाच्या करीत. म्हणून शास्त्रज्ञांनी तिला जे लॅटिन नाव दिले, त्यातही शाळकऱ्याचा उल्लेख आहे. तेव्हा नुकतेच लिहू-वाचू लागलेल्या तुमच्यासारख्यांनी हे झाड आपलेच समजायला हरकत नाही.

१९०१ साली रवींद्रनाथांनी या जागी शाळा काढली. सुरुवातीला मुले होती अवघी पाच. वर्ग झाडाखाली भरे. मुलांची आसने घेऊन यायचे, गुरुजींसाठी मातीचा ओटा. तेथल्या शाळेत अजूनही वर्ग झाडाखाली भरतात. पाऊस आला तर काय, असे तुम्ही विचाराल. पाऊस आला तर पळायचे!

आता त्या पालखीकडे परत येऊ. हा सण जुना नाही. तो १९२८ सालच्या जुलै महिन्यात पहिल्याने झाला. रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमादेवी. त्यांच्याकडे कुंडीत एक बकुळीचे रोप होते. तेच थाटामाटाने नेऊन लावले. रवींद्रनाथांनी त्या प्रसंगासाठी 'बलाई' नावाची गोष्ट लिहिली आणि वाचून दाखवली. बलाई हा आईविना वाढलेला मुलगा. त्याला झाडांचा जीव कळतो. वाटेत उगवलेले सावरीचे झाड काका तोडू म्हणतो, आणि त्या पोराचा जीव कासावीस होतो. अशी ती गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आणखी एक सण झाला. त्याचे नाव हलकर्षण, म्हणजे नांगर धरण्याचा सण. बैल सजवले, जमिनीवर रांगोळी काढली, आणि जगभर नाव झालेल्या त्या कवीने स्वतः नांगराला हात घातला. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. नंदलाल बसू या मोठ्या चित्रकाराने पुढे त्याचे चित्र तिथल्या भिंतीवर काढले. आपल्याकडे पोळ्याला बैलाची पूजा होते, पण त्या दिवशी बैलाला सुट्टी असते. तिकडे बैलाला त्या दिवशी चार तास ओढावी लागतात. बैलांना विचारले तर ते आपलाच पोळा बरा म्हणतील! पण हा विनोद झाला. शिकल्या-सवरलेल्या घरातल्या मुलाने नांगराला कमी लेखू नये, म्हणून तो सण होता.

१९४१ साली ७ ऑगस्टला रवींद्रनाथ वारले. बंगाली पंचांगाप्रमाणे तो दिवस श्रावणाचा बाविसावा. (त्यांचे महिने सूर्यावर चालतात, आपले चंद्रावर. म्हणून त्यांचा श्रावण आणि आपला श्रावण नेमका जुळत नाही.) आता दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीलाच वृक्षारोपण होते आणि दुसऱ्या दिवशी हलकर्षण. माणूस गेला त्या दिवशी झाड लावायचे. आम्हांला ही रीत फार आवडली. आपल्या गावीही कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला आंबा लावतो, तो पुढे घरातल्यासारखाच सांभाळला जातो. बाकी कुणी लावलेला आंबा एखादे वेळी शेळी खाते, वडिलांच्या नावाचा आंबा सहसा खात नाही. त्याला कुंपण होतेच.

पुढे १९५० साली त्या वेळचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी देशभर वनमहोत्सव सुरू केला. तोही जुलैतच. शाळाशाळांतून आपण झाडे लावतो ती तेव्हापासून. आम्ही नोकरीत असताना एका गावी असे पाहिले की, पाहुणे दरवर्षी नवे येत, रोपही नवे येई, पण खड्डा मात्र तोच! गेल्या वर्षीचे रोप वाळलेले असे, ते उपटायचे आणि तेथेच नवे लावायचे. पाहुण्यांचे हात धुवायला पाणी मिळे, रोपाला मिळत नसे. सण आणि सांभाळ या दोन गोष्टी वेगळ्या. नुसत्या सणाने माळ हिरवा होत नाही, हे विश्वभारतीच्या लोकांनाही ठाऊक होते. म्हणून सणाच्या आधी सहा वर्षे त्यांनी दुसरे एक काम हाती घेतले होते.

त्या कामाची जागा म्हणजे श्रीनिकेतन. शांतिनिकेतनपासून जवळच, सुरूल गावाला लागून. रवींद्रनाथांनी आपल्या मुलाला, रथींद्रनाथांना, अमेरिकेत पाठवले होते. वकिली शिकायला नव्हे, डॉक्टरी शिकायला नव्हे. शेती शिकायला! नंतर लेनर्ड एल्महर्स्ट नावाचा एक तरुण इंग्रज आला. तोही अमेरिकेत शेतीच शिकलेला. १९२२ च्या फेब्रुवारीत तो थोडीशी मुले बरोबर घेऊन सुरूलला राहायला गेला.

आता खरी गोष्ट सुरू होते. मुले होती शिकलेल्या घरांतली. पहिला प्रश्न आला तो संडासाचा. झाडूवाला ठेवायचा नाही, असे ठरले. ज्याचे त्याने उचलायचे. चर खणायचा, बादली त्यात ओतायची, वर माती लोटायची. काही मुलांना शिसारी आली असेल. जातीचे संस्कारही आड आले असतील. पण काम झाले. आपल्याकडे या खताला 'सोनखत' असे नाव आहे. नाव ज्याने ठेवले तो शहाणा खरा! पण पुढे आपण सोने उचलायचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले आणि वर त्यालाच हलका ठरवले. सुरूलच्या त्या चराकडे पाहिले म्हणजे झाडे, माती आणि माणसांची बरोबरी या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे ध्यानात येते.

एल्महर्स्टने त्याच वर्षी एक भाषण दिले. विषय होता मातीची लूट. लूट म्हणजे दरोडा. मातीवर दरोडा कोण घालतो? तर आपणच. धान्य पिकले की शहरात जाते. त्याबरोबर मातीतला कसही जातो. जनावरांचे शेण मातीत परत जावे, तर त्याच्या गोवऱ्या थापून आपण चुलीत घालतो. हाडे विकली जातात. माणसाचा मैला एक तर रोगराई करतो, नाही तर नदीत जातो. म्हणजे जमिनीच्या खात्यातून काढणे रोज, भरणा मात्र नाही. सोसायटीचा सचिव असे खाते चालू देईल का? रवींद्रनाथ त्या भाषणाला अध्यक्ष होते. त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. चंद्रावरही म्हणे पूर्वी जीव होते. तेथे हावरे जन्माला आले. त्यांनी इतके उपसले, इतके खाल्ले, की शेवटी चंद्र आज दिसतो तसा ओसाड गोळा होऊन बसला. ही झाली कवीची कल्पना. पण पुढे खरोखरच माणूस चंद्रावर गेला, आणि त्याला तेथे धूळ आणि दगडच मिळाले.

आता रासायनिक खत आहे, गॅसची शेगडी आहे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. गॅस आल्याने ज्या घरी गोवऱ्या बंद झाल्या, त्या घरचे शेण तरी आता शेतात जावे. जाते का? तुमच्या तुम्हीच बघा. रासायनिक खत रोपाला खायला देते, पण माती भुसभुशीत ठेवायला, तिच्यात पाणी धरून ठेवायला शेणखत आणि पालापाचोळाच लागतो.

श्रीनिकेतनचे लोक आसपासच्या खेड्यांत गेले. कालीमोहन घोष नावाचे कार्यकर्ते त्यांत पुढे होते. गावकरी काय म्हणाले असतील? 'आले शहाणे!' खेड्याचे तीन शत्रू आहेत, असे एल्महर्स्ट म्हणे. माकडे, मलेरिया आणि माणसांचा एकमेकांवरचा अविश्वास. इंग्रजीत हे तिन्ही शब्द 'म'नेच सुरू होतात. आपल्या भाषेतही जवळजवळ तसेच जमते बघा. माकडे बाग फस्त करीत. मलेरियाने माणसे अंथरुणाला खिळत. आणि अविश्वास असा की, सगळ्यांनी मिळून डबके बुजवावे तर 'त्याच्या दारातले मी का बुजवू?' असे म्हणायचे. डास मात्र दार बघून चावत नाही!

यावर त्यांनी मोठ्यांना उपदेश करण्यात फार वेळ दवडला नाही. त्यांनी पोरे गोळा केली. गावोगावच्या मुलांची पथके केली. त्यांना 'व्रती बालक' म्हणत. ती डबकी बुजवायची, आजाऱ्याला कोयनेल पोचवायची, परसात भाजी लावायची. पोरगा हातात कुदळ घेऊन गेला, की बाप ओशाळून मागून येतोच. आम्ही शाळामास्तर, आम्हांला हे अनुभवाने ठाऊक आहे. पुढे गावागावांत आरोग्याच्या सहकारी संस्था निघाल्या. लोकांनी थोडे-थोडे पैसे भरायचे आणि डॉक्टर सर्वांचा. विणकाम, कातडीकाम, कुंभारकाम हेही सुरू झाले. तेथल्या नक्षीच्या चामडी पिशव्या आजही देशभर विकत घेतल्या जातात.

घरांचाही त्यांनी विचार केला. तिकडच्या खेड्यांत घरे मातीची आणि छप्पर गवताचे. एक ठिणगी पडली की आळी जळते. म्हणून मातीच्याच छपराचे घर बांधून पाहू, असे रवींद्रनाथांनी ठरवले. १९३५ साली ते घर झाले. नाव 'श्यामली', म्हणजे सावळी. कवी स्वतः त्यात राहिले. मोठ्या माणसाने गरिबाच्या घरावर नुसते भाषण केले नाही, आधी स्वतः राहून पाहिले, हे विशेष. चित्रकलेच्या मुलांनी आणखी एक मातीचे घर केले, त्याला काळे घर म्हणतात. मातीच्या भिंतींना डांबर दिले, म्हणून ते काळे. डांबराने पाणी आत शिरत नाही आणि वाळवीही लांब राहते. भिंतींवर मुलांनी चित्रे उठवली आहेत. हे घर अजून उभे आहे.

आता एक आपल्याकडची गोष्ट. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेहून परत आले. फेब्रुवारीत ते शांतिनिकेतनला गेले. तोच पुण्याहून तार आली की, नामदार गोखले वारले. गांधीजी लगेच पुण्याला आले आणि मार्चमध्ये परत तिकडे गेले. त्या वेळी तेथे आपले काकासाहेब कालेलकर होते. जन्म साताऱ्याचा, पुढे मोठे लेखक झाले. गांधीजींनी मुलांना आणि गुरुजींना विचारले, स्वयंपाकी आणि नोकर कशाला हवेत? आपले काम आपण का करू नये? काकासाहेबांचा त्याला जोरदार पाठिंबा होता. १० मार्चला प्रयोग सुरू झाला. मुलांनी भाजी चिरली, भांडी घासली, झाडलोट केली. प्रयोग फार दिवस टिकला नाही. खरे तेच सांगितले पाहिजे. पण दरवर्षी १० मार्चला तेथे 'गांधी पुण्याह' पाळतात. त्या दिवशी नोकरांना सुट्टी. झाडू, विळी आणि चूल ही विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या हाती. एकच दिवस कसला, असे आम्हांला आधी वाटले. पण ज्या मुलाने एकदा शंभर माणसांचे उष्टे उचलले, तो पुढे ताटात टाकताना जरा विचार करील.

येथवर सारे गोड सांगितले. कडूही सांगायला हवे.

शांतिनिकेतनात पौष महिन्यात मोठी जत्रा भरते. १८९४ सालापासूनची. बाउल गाणारे येतात, संथाळ लोक येतात, खेड्यांतले कारागीर माल मांडतात. पूर्वी लोक बैलगाडीने येत आणि केळीच्या पानात नाही तर पत्रावळीत जेवत. त्यांचा कचरा बैल खात किंवा माती खाई. पुढे गर्दी फार वाढली. प्लास्टिक आले, कोळशाच्या शेगड्यांचा धूर आला, मैल्याची सोय पुरेना. प्लास्टिक बैलाने खाल्ले तर बैल मरतो आणि माती तर ते खातच नाही. हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. म्हणजे झाडे, पाणी, हवा यांचे खटले चालवणारे न्यायालय. जी संस्था झाडाची पालखी काढते, तिच्या दारातल्या जत्रेबद्दल न्यायालयात जाण्याची पाळी आली! मधली काही वर्षे विद्यापीठाने जत्रा भरवलीच नाही. त्यावर दुकानदार आणि कारागीर नाराज झाले. त्यांचेही खरे होते. वर्षाची कमाई त्या चार दिवसांत होते. कचरा नको म्हणून जत्राच नको, हे आम्हांला पटत नाही. उंदीर झाले म्हणून कुणी घर पाडीत नाही. २०२४ साली विद्यापीठाने ती पुन्हा भरवली.

खोआईच्या घळींचेही असेच आहे. त्या लाल जमिनीवर पुढे एक झाड पुष्कळ लावले गेले. बंगालीत त्याला सोनाझुरी म्हणतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला लावतात, ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. पिवळी फुले येतात, झटपट वाढते, निकृष्ट जमिनीतही तग धरते. धूप थांबवायला उपयोग झाला. पण तिच्या वाळक्या पानांच्या थराखाली दुसरे काही फारसे रुजत नाही, गुरेही ती खात नाहीत. आमच्या मते घाईला ती ठीक, संसाराला आपली जांभूळ, कडुनिंब, करंज बरी. त्या झाडीत दर शनिवारी एक छोटासा बाजार भरू लागला. श्यामली खास्तगीर नावाच्या बाईंनी तो सुरू करून दिला. चित्रकाराची मुलगी, झाडांसाठी आणि गरिबांसाठी झटणारी. २०११ साली त्या वारल्या. खेड्यातल्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तू आणाव्यात, जमिनीवर मांडाव्यात, दिवस मावळला की उठून जावे, एवढाच तो बाजार. आता तो फुगला आहे. मोटारी झाडांच्या मुळांवरून जातात. मुळांवरची माती दाबली गेली की पाणी मुरत नाही, आणि मग पुन्हा तोच पहिला ओघळ.

२०२३ साली युनेस्को या जागतिक संस्थेने शांतिनिकेतनला जगाचा वारसा म्हणून मान दिला. त्याने पाहुणे आणखी वाढणार. दर श्रावणात रोपाची पालखी निघतेच आहे. पालखीतून उतरलेल्या रोपाला पहिला उन्हाळा फार जड जातो. बीरभूमचा उन्हाळा आपल्या विदर्भासारखा. तेव्हा ना गाणे असते, ना शंख. कुणीतरी संध्याकाळी दोन कळशा पाणी घेऊन जायचे असते, आळ्यात पाचोळा पसरायचा असतो, शेळी हाकलायची असते. दोन उन्हाळे असे काढले, की तिसऱ्या वर्षी रोप आपले आपण पाणी शोधू लागते.